गोदावरीच्या खोऱ्यातली ट्रायासिक हाडं: हाडावरून प्राणी ओळखायचा कसा?



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला सरळच विचारलं, "सर, तुमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. ट्रायासिक काळातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही भूवैज्ञानिक नाही. पण हा विषय गेली पस्तीसेक वर्षं आमची पाठ सोडत नाही, आणि त्याला कारण आहे आमच्या टेबलावरचा एक दगड. तेव्हा सुरुवात दगडापासूनच करू.

१९८०च्या दशकातली गोष्ट. आम्ही बी. ए.च्या वर्गाला भारतीय तर्कशास्त्र शिकवत होतो. वर्गात किनवटकडचा एक मुलगा होता. त्याचे मामा हद्दीपलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात शेती करायचे. दिवाळीच्या सुट्टीहून येताना त्यानं आमच्यासाठी एक दगड आणला. वीतभर लांब, तांबूस करडा, हातात घेतल्यावर चांगलाच जड. "सर, मामांच्या गावाकडं असे निघतात. कुणी म्हणतं राक्षसाचं हाड आहे." आम्ही हसलो. "अरे, दगड तो दगड," असं म्हणून तो कागदांवर वजन म्हणून ठेवून दिला.

सहा-सात वर्षांनी भूशास्त्र शिकवणारे एक स्नेही घरी चहाला आले. त्यांनी तो दगड उचलला, मोडलेल्या टोकाकडे भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "अहो, हे हाड आहे. आतली जाळी दिसतेय." मग लगेच पुढचे प्रश्न: कुठल्या गावचं? शेतातलं की ओढ्यातलं? लाल मातीतून निघालं की चुनखडकातून? शेजारी आणखी काही होतं का? आमच्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मुलगा केव्हाच पास होऊन गेला होता. मामांच्या गावाचं साधं नावही आम्ही विचारलं नव्हतं. स्नेह्यांनी दगड जागेवर ठेवला आणि म्हणाले, "मलेरीच्या थरातलं असेल तर बावीस-तेवीस कोटी वर्षांचं. कोटाच्या थरातलं असेल तर त्याहून कितीतरी अलीकडचं. आता कोण सांगणार? राहू द्या कागदांवर."

ज्या वर्गात आम्ही अनुमान शिकवत होतो, त्याच वर्गात एक मुलगा पुरावा घेऊन आला आणि आम्ही त्याला एक प्रश्नही विचारला नाही, ही गोष्ट आम्हाला लागली. तिथून आम्ही या हाडांबद्दल वाचायला लागलो. आज बोलणार आहोत ते त्यातूनच: एका हाडावरून कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्राणी उभा करतात तो कशाच्या जोरावर, आणि त्यात चूक कुठे होते.

आपल्या पायाखाली काय आहे?

आधी आपण कुठे बसलो आहोत ते बघू. छत्रपती संभाजीनगर म्हणजे काळ्या पाषाणाचा मुलूख. वेरूळचं कैलास लेणं ज्या खडकात कोरलं, तो बेसाल्ट म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. ट्रायासिक काळ त्याच्या फार आधीचा. तो सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि २० कोटी १० लाख वर्षांपूर्वी संपला. म्हणजे तो संपला तेव्हा वेरूळचा दगड जन्माला यायला अजून साडेतेरा कोटी वर्षं होती.

मग बेसाल्ट खणत गेलं की खाली ट्रायासिकचे प्राणी सापडतील का? तसंही नाही. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं. सुमारे ३४० मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली जेमतेम काही मीटर गाळाचा खडक, आणि मग थेट अतिप्राचीन स्फटिकी खडक. मधली कोट्यवधी वर्षं त्या जागी नोंदलेलीच नाहीत. प्रत्येक गावाच्या जमिनीत सगळा इतिहास असतो असं नाही. काही पानं तिथं लिहिलीच गेली नाहीत, काही लिहिली गेली आणि नंतर झिजून वाहून गेली.

पण आपल्या गोदावरीच्या काठाकाठानं खाली निघा. पैठण, नांदेड, मग तेलंगण. सिरोंच्याजवळ तिला प्राणहिता मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन झालेली ही प्राणहिता. या पट्ट्यात बेसाल्टचं पांघरूण नाही. तिथं जमीन फार पूर्वी खचून लांबच लांब खोलगट दरी झाली होती, आणि नद्यांनी कोट्यवधी वर्षं तिच्यात गाळ भरला. त्या गाळाचे खडक आज उघडे आहेत. त्यातला लाल चिकणमातीचा आणि वालुकाश्माचा एक थर म्हणजे मलेरीचा थर, काळ ट्रायासिकचा उत्तरार्ध. मलेरी हे गाव जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, आज तेलंगणात. १९५६पर्यंत मात्र मलेरी आणि औरंगाबाद दोन्ही एकाच हैदराबाद राज्यात होती. तेव्हा ही हाडं आपल्याला परकी नाहीत.

आणखी एक शब्द आपल्या शेजारचा. 'गोंडवन' म्हणजे गोंडांचा प्रदेश. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा त्यात समावेश आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या मेडलिकट यांनी १८७२ साली या खडकांच्या मालिकेला 'गोंडवाना' हे नाव वापरलं. पुढे १८८५मध्ये ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिणेकडच्या एका लुप्त महाभूमीला तेच नाव दिलं. आज अर्जेंटिनातली शाळकरी पोरंसुद्धा 'गोंडवाना' म्हणतात, तो शब्द गेलाय इथून.

ट्रायासिक म्हणजे काय?

नाव जर्मनीतून आलं. तिथले खडक तीन ठळक थरांत दिसतात, म्हणून १८३४मध्ये फ्रीडरिख फॉन आल्बर्टी यांनी त्यांना 'ट्रायास' म्हटलं. 'त्रय' आणि 'ट्रायास' हे शब्द एकमेकांचे भाऊबंदच.

या काळाच्या दोन्ही टोकांना मोठा संहार आहे. सुरुवातीला सैबेरियात लाव्ह्याचे अफाट उद्रेक झाले, आणि समुद्रातल्या बहुतेक जाती व जमिनीवरचे कितीतरी प्राणी संपले. शेवटीही लाव्हाच, या वेळी अटलांटिक महासागर उघडण्याच्या सुमाराचा. या दोन संहारांच्या मधल्या पाच कोटी वर्षांत जे जगले, त्यांच्यातून डायनोसॉर आले, मगरींचे पूर्वज आले, आणि आपले, म्हणजे सस्तन प्राण्यांचे पूर्वजही आले. जमीन बहुतांशी सलग होती. मलेरीच्या लाल मातीत चुनखडीच्या गाठी सापडतात. आपल्याकडचे शेतकरी असे खडे ओळखतात. पाऊस काही महिने आणि मग लांबलचक कोरड, अशा हवामानात ते मातीत तयार होतात. म्हणजे तिथं तेव्हाही पावसाळा आणि उन्हाळा होता.

हिस्लॉप, आणि एक पूर आलेला ओढा

या हाडांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं त्याचं बरंचसं श्रेय स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याला जातं. १८४५ साली तो नागपूरला आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. शाळा चालवायची, गोंडी भाषेच्या नोंदी करायच्या आणि सवड मिळाली की खडक बघायचे, असा त्याचा क्रम. नागपूरच्या दक्षिणेला वर्धा खोऱ्यातल्या मांगलीहून एक चपटी रुंद कवटी निघाली. १८५५मध्ये लंडनला रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन छापलं आणि प्राण्याला नाव दिलं 'ब्रॅकीऑप्स लॅटिसेप्स', म्हणजे आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. हा उभयचर, बेडकांच्या दूरच्या नात्यातला, ट्रायासिकच्या सुरुवातीचा मानतात. महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीतला हा त्या काळचा जुना पाहुणा.

मलेरीकडचे दात आणि हाडंही हिस्लॉपनं मिळवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो टाकळघाटची शिलावर्तुळं बघून संध्याकाळी एकटाच घोड्यावरून बोरीकडे परतत होता. पावसानं ओढ्याला पूर आलेला होता. तो ओलांडताना तो बुडाला. त्याच्या पत्रांतली हाडांची माहिती लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात छापून आली ती दुसऱ्या वर्षी. पुढे लायडेकर यांनी मलेरीच्या एका प्राण्याच्या नावात हिस्लॉपचं नाव गुंफलं: 'पॅरासूकस हिस्लॉपी'. या प्राण्याकडे आपण थोड्या वेळात येऊ.

मग जवळजवळ शंभर वर्षांनी दुसरा अध्याय सुरू झाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं. १९५७च्या सुमारास त्या आल्या आणि तरुण भारतीय अभ्यासकांची एक फळीच उभी राहिली. संख्याशास्त्राच्या संस्थेत हाडांचं काय काम, असं वाटेल. पण महालनोबिसांचं म्हणणं साधं होतं, की निसर्गातलं जे जे मोजता येतं ते आमच्या कक्षेतलं. मलेरीतल्या एका सस्तनसदृश प्राण्याचं नावच 'एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिकी' आहे. ते या संस्थेच्या सन्मानार्थ.

नदीला पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला

आता आमच्या विषयाकडे येतो. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक 'शेषवत्', कार्यावरून कारण ओळखणं. भाष्यकार वात्स्यायनांचं उदाहरण नदीचंच आहे. नदी फुगलेली दिसली की वर पाऊस झाला असं आपण ओळखतो. पाऊस आपण पाहिलेला नसतो. तो होऊन गेलेला असतो. हाडावरून प्राणी ओळखणं हे याच जातीचं अनुमान आहे.

पण न्यायकारांची गंमत अशी, की ते स्वतःच स्वतःवर आक्षेप घेतात. दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी म्हणतो, तुमचं अनुमान फसवं आहे. नदी फुगली ती पुढे बांध घातल्यानं अडून फुगली असेल. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून तुम्ही पाऊस येणार म्हणता, पण कुणीतरी त्यांचं वारूळ फोडलं असेल. मोराचा आवाज ऐकून मोर आहे म्हणता, पण माणूस मोराची नक्कल करत असेल. थोडक्यात अडवणूक, मोडतोड आणि नक्कल अशा तीन ठिकाणी अनुमान फसतं.

पैठणच्या माणसाला यातला पहिला आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. जायकवाडीचे २७ दरवाजे उघडले की खाली नदी दुथडी भरते, मग पैठणला त्या दिवशी कडक ऊन का असेना. बांधाच्या वरच्या बाजूला पाणी फुगतं तेही असंच.

न्यायकारांचं उत्तर काय? ते म्हणतात, चूक अनुमानाची नाही, अर्धवट बघणाऱ्याची आहे. नुसतं 'पाणी वाढलं' एवढं बघू नका. पाण्याला ओढ आहे का, फेस आहे का, फळं, पानं, लाकडं वाहून येताहेत का, ते बघा. चार मुंग्या निघाल्या म्हणून पाऊस म्हणू नका. जागोजागच्या मुंग्या निघाल्यात का ते बघा. आणि मोराची नक्कल माणसाला फसवेल, सापाला फसवत नाही. त्याला आवाजातला बारीक फरक कळतो. का कळणार नाही? त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

मंडळी, मलेरीची हाडं वाचताना आम्हाला हे तिन्ही आक्षेप जसेच्या तसे भेटले.

नक्कल: मगर दिसते, मगर नाही

पॅरासूकस घ्या. लांब निमुळतं तोंड, काठोकाठ दात, पाठीवर हाडांच्या ढाली, नदीत दबा धरून बसायची सवय. सुसरीचं चित्र डोळ्यांसमोर आलं ना? नावाचा अर्थही 'मगरीजवळचा' असाच आहे. पण नाकपुड्या बघा. सुसरीच्या नाकपुड्या तोंडाच्या पार टोकाला असतात. पॅरासूकसच्या नाकपुड्या मागे, डोळ्यांच्या जवळ, कपाळावर आल्यासारख्या आहेत. हा मगरींचा पूर्वज नव्हे. तो फायटोसॉर या वेगळ्या कुळातला, आणि ते कूळ ट्रायासिकच्या शेवटी निर्वंश झालं. मगरींचे खरे पूर्वज तेव्हा लहान चणीचे, लांब पायांचे आणि जमिनीवर धावणारे होते.

मग दोघं इतके सारखे का? कारण धंदा सारखा. नदीत लपून मासे आणि काठावरचं जनावर पकडायचं, तर शरीर साधारण तसंच घडत जातं. सारखं दिसणं ही एक गोष्ट आणि नातं ही दुसरी. आपल्याकडे दोन माणसांचा चेहरा जुळला की "तुम्ही अमक्यांचे कोण?" असं विचारतात, आणि बऱ्याचदा उत्तर येतं, "कोणीच नाही." नाकपुडीसारखी बारीक खूण म्हणजे मोराच्या आवाजातला तो फरक.

अडवणूक: एक परिणाम, दोन कारणं

मलेरीत खूप सापडणारा प्राणी म्हणजे हायपरोडॅपेडॉन. मेंढराएवढा, बुटका, शाकाहारी. तोंडाला पोपटासारखी चोच. वरच्या जबड्यात दातांच्या ओळीच ओळी आणि मध्ये खाच. खालचा जबडा त्या खाचेत बसायचा, मुठीत मिटणाऱ्या चाकूचं पातं बसावं तसा. अडकित्त्यासारखं हे यंत्र टणक वनस्पती कातरायला होतं. याच वंशाचे प्राणी ब्राझील, अर्जेंटिना, टांझानिया आणि स्कॉटलंडमधल्या एल्गिनमध्ये सापडले. एल्गिनच्या प्राण्याला १८५९मध्ये थॉमस हक्सले यांनी नाव दिलं, आणि पुढे दहा वर्षांनी मलेरीच्या हाडांतही तोच वंश ओळखला. एल्गिनचा तो वालुकाश्म आधी कितीतरी जुना समजत. या प्राण्यामुळे त्याचं वय ट्रायासिक असल्याचं ध्यानात आलं.

आता परिणाम समोर आहे: समुद्र पोहू न शकणारा एकच प्राणी इतक्या दूरदूरच्या जमिनींवर. कारण काय? एकोणिसाव्या शतकातले पंडित म्हणाले, मधे जमिनीचे पूल होते, ते समुद्रात बुडाले. झ्यूस यांच्या गोंडवानाभूमीची कल्पनाही याच धर्तीची. १९१२मध्ये आल्फ्रेड वेगेनर म्हणाले, पूल बुडाला नाही, खंडच एकमेकांपासून सरकले. हाडं दोघांनाही सारखीच साक्ष देत होती. पाणी फुगलंय हे दिसतंय, पण पावसानं की बांधानं?

निकाल लागला तो फेस आणि पानं बघितल्यावर. १९६०च्या दशकात समुद्रतळाचा अभ्यास झाला. हिंदी महासागराचा तळ ट्रायासिकहून खूपच तरुण निघाला. बुडालेली एवढी मोठी जमीन तिथं नव्हतीच, उलट तळ मधोमध फाटून नवा तयार होत होता. १९६९मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फाळ डोंगरात लिस्ट्रोसॉरस या दोन सुळ्यांच्या शाकाहारी प्राण्याची हाडं मिळाली. बंगालमध्ये राणीगंजजवळच्या पंचेतच्या थरात आणि दक्षिण आफ्रिकेत तोच प्राणी आधीपासून ठाऊक होता. वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या खुणा एकाच कारणाकडे बोट दाखवू लागल्या, तेव्हा वाद मिटला.

मोडतोड: जवळ सापडलं म्हणजे एकत्र होतं का?

मलेरीत पॅरासूकसचे दोन जवळजवळ संपूर्ण सांगाडे शेजारीशेजारी मिळाले. शंकर चॅटर्जी यांनी त्यांचं सविस्तर वर्णन केलं. त्यांच्या पोटाच्या जागी आणखी एका प्राण्याचे दोन सांगाडे होते, लांब मानेचा, सडपातळ सरीसृप. चॅटर्जींनी निष्कर्ष काढला की हे त्यांचं शेवटचं जेवण. १९८०मध्ये त्या प्राण्याचं नाव ठेवलं 'मलेरीसॉरस रॉबिन्सोनी', रॉबिन्सनबाईंच्या नावावरून.

पूर्वपक्षी इथंही विचारेल: पुरानं वेगवेगळी मढी एका डोहात आणून टाकली असतील तर? म्हणून नुसतं 'जवळ सापडलं' हे पुरत नाही. हाडं एकमेकांना जोडलेली आहेत का विखुरलेली? बरगड्यांच्या आत आहेत का बाहेर? प्रवाहात घासून टोकं गुळगुळीत झाली आहेत का? शिवाय एकात नव्हे, दोन्ही सांगाड्यांत तीच गोष्ट दिसली, ही जागोजागच्या मुंग्यांसारखी साक्ष आहे.

मलेरीच्या खालचा, म्हणजे आणखी जुना, येर्रापल्लीचा थर आहे. तिथं 'वाडियासॉरस' या शाकाहारी प्राण्याची, लहानमोठ्या अनेकांची हाडं एका जागी मिळाली. नाव भूवैज्ञानिक दा. नो. वाडिया यांच्यावरून. हा कळप होता, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. तो लावण्याआधीही हेच सगळे प्रश्न विचारावे लागतात.

एकाचं डोकं, दुसऱ्याचा पाय

अर्धवट बघण्याला न्यायकार 'एकदेश' म्हणतात. त्याचं उदाहरण सगळ्यात बोचरं आहे. १९८७मध्ये मलेरीतून एका छोट्या डायनोसॉरची घोषणा झाली. ॲलिक वॉकर या ब्रिटिश अभ्यासकाच्या नावावरून त्याला 'वॉकेरिया' म्हटलं. ते नाव आधीच दुसऱ्या जीवाला दिलेलं निघालं, म्हणून १९९४मध्ये 'अल्वॉकेरिया' केलं. जगातल्या अगदी आरंभीच्या डायनोसॉरांपैकी एक आपल्या गोदावरीच्या खोऱ्यात! अभिमान वाटावा अशीच गोष्ट.

पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी तीच हाडं पुन्हा तपासली. त्यांचं मत पडलं की हा एक प्राणी नसावाच. मांडीचं आणि घोट्याचं हाड डायनोसॉरचं दिसतं, पण जबड्याचा तुकडा आणि काही मणके वेगळ्याच प्राण्यांचे असावेत. म्हणजे नाव एक, मालक दोन-तीन.

यात कुणाची लबाडी नाही, हे मुद्दाम सांगतो. छोटी नाजूक हाडं एका ठिकाणी मिळाली की ती एकाची असं वाटणं साहजिक आहे. महत्त्वाचं हे, की हाडं संग्रहात जपून ठेवली होती, क्रमांक घातला होता, कुठे मिळाली ते लिहिलं होतं. म्हणून वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला ती पुन्हा बघता आली आणि चूक असेल तर दाखवता आली. ज्या अनुमानाची फेरतपासणी होऊ शकते त्यावर आम्ही जास्त विश्वास ठेवतो. काही लोक म्हणतात, शास्त्रज्ञ सारखं मत बदलतात, मग त्यांचं काय धरायचं? आम्ही म्हणतो, मत बदललं ते कशामुळे, हे विचारा. नवीन खूण दिसल्यामुळे बदललं असेल तर तो न्यायाचाच मार्ग आहे.

याची चांगली बाजूही ऐका. २०२५मध्ये मलेरीच्या वरच्या थरातल्या एका मांसाहारी डायनोसॉरला नाव मिळालं, 'मलेरीरॅप्टर कुट्टी'. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचा. अर्जेंटिना-ब्राझीलमध्ये त्याच्या कुळातले प्राणी पूर्वीच सापडले होते. हायपरोडॅपेडॉनसारखे प्राणी नाहीसे झाल्यावरही हे कूळ आपल्याकडे तग धरून होतं, असं त्यावरून कळलं. ही हाडं काही त्या वर्षी खणलेली नव्हती. टी. एस. कुट्टी यांनी ती फार पूर्वी शोधली होती आणि कोलकात्याच्या संग्रहात ती नोंदीसह पडून होती. योग्य डोळ्यांनी बघेपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती, कारण त्यांच्यासोबत त्यांचा पत्ता होता.

तर आपण काय करायचं?

आपल्यापैकी काही जणांचे नातेवाईक चंद्रपूर, गडचिरोली, किनवट, आदिलाबादकडे असतील. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिथले खडक ट्रायासिकनंतरच्या ज्युरासिक काळातले, पण जाऊन बघण्यासारखे. त्या भागात शेतात, ओढ्यात, रस्त्याच्या खोदकामात कुणाला हाडासारखा दगड दिसला तर एवढंच सांगा: तो उचलू नका. शेजारी पेन किंवा फूटपट्टी ठेवून फोटो काढा. गाव, तालुका, शेताचा गट नंबर लिहून घ्या. माती लाल आहे का पिवळी, आजूबाजूला आणखी तुकडे आहेत का, ते लिहा. मोबाइलवर जागेचा ठिपका टिपून ठेवा. आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला कळवा. घरी आणून दिवाणखान्यात ठेवलेलं हाड कुणाच्याच कामाचं राहत नाही. हे आम्ही अनुभवानं सांगतो.

तो मुलगा आता साठीच्या जवळ आला असेल. आठवण ठेवून त्यानं गुरूसाठी काहीतरी आणलं होतं, आणि गुरूनं त्याला विचारायला हवं होतं, "बाळा, कुठे मिळालं? मला नीट सांग." पाच मिनिटांचं काम होतं. हे व्याख्यान त्याच्यापर्यंत पोचलंच, तर त्यानं जरूर कळवावं. मामांचं गाव कोणतं होतं, शेत ओढ्याच्या कोणत्या अंगाला होतं, एवढं आठवलं तरी पुरे. दगड आम्ही जपून ठेवला आहे. अलीकडे त्याच्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर 'स्थळ' असं लिहून पुढची जागा मोकळी सोडली आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.